बोनेटवरच्या चपला

एका माणसाची जीप मी बंद पाडली. इंजिनाला हात लावला नाही, वायर तोडली नाही, टाकीत साखर टाकली नाही. शेलूबाजारच्या चहाच्या हॉटेलात बसून फक्त दोन वाक्यं बोललो, आणि ती खोटी आहेत हे बोलतानाच मला ठाऊक होतं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, खत-बियाण्याचं दुकान चालवतो, आणि पिशवीवर छापलेलं असेल तेच आत निघेल असं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतो. म्हणून आधी ही चूक लिहितो आणि मग तो माणूस. चूक शेवटी लिहिली असती तर मधल्या सगळ्या मजकुरात मी बरा माणूस वाटलो असतो.

सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-शर्ट, पीळ दिलेल्या मिशा, आणि मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. शेती चांगली होती, नोकरी कधी केली नाही. भाड्याने जीप चालवायची गरज नव्हती आणि त्यांनी कधी भाडं घेतलंही नाही. पण जीप हवी असेल तर ती मागण्याची एक रीत होती. त्यांच्या घरी जायचं, ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि कप खाली ठेवल्यावर विचारायचं. फोनवर विचारलं तर आवाज ओळखूनसुद्धा काका "राँग नंबर" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

भाडं नव्हतं, पण पंप होता. पांदण सुरू झाली, म्हणजे शेतात जाणारी ती काळ्या मातीची वाट, की काका थांबायचे आणि बाभळीचा काटा व्हॉल्व्हमध्ये दाबून चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडायचे. नरम टायर मातीवर पसरतो, रुतत नाही, असं त्यांचं म्हणणं. परत डांबराला लागलं की सीटखालून पायपंप निघायचा आणि जीपमध्ये बसलेल्यांनी पाळीपाळीने ती हवा भरायची. बाया असोत, सरपंच असो, सुटातला नवरदेव असो. "बसाले लाजला नाही, तं पंपाले कायले लाजतो?" एवढंच ते म्हणायचे.

आणि दुसरी सवय, जिच्यावर हा सगळा प्रकार उभा आहे. पुढची वाट जरा खराब वाटली की काका उतरायचे, चपला काढून बोनेटवर ठेवायचे, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि हातात तुरीची काडी घेऊन अनवाणी पुढे चालत जायचे. पाय दाबून पाहायचे. काडी खुपसायचे. जिथे माती धरते तिथे काडी मोडून उभी करायचे, मग शांतपणे परत येऊन, पाय पुसून, चपला घालून जीप त्या काड्यांच्या मधून काढायचे. मागे बसलेला कितीही ओरडला तरी यात फरक पडायचा नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. जीपला टप लावायला त्यांनी जन्मभर नकार दिला. "टप लावलं की आभाळ दिसत नाही," म्हणे. मेडशीच्या एका लग्नाला आम्हा सगळ्यांना असं नेलं की मांडवात शिरलो तेव्हा आमच्या अंगावरून पाणी गळत होतं आणि मुलीकडच्यांनी आधी टॉवेल आणले, मग गुलाबपाणी. वायपर कधीच बसवला नाही. पाऊस लागला की काचेवर तंबाखू चोळायचे. पुढे बसणाऱ्याला शिंका यायच्या, पण काच साफ राहायची.

मी त्यांच्यावर जळायला कधी लागलो ते मला नेमकं सांगता येतं. तेव्हा आमच्या गावाला डांबर नव्हतं. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या, पाऊस होता, तिला कारंज्याला न्यायचं होतं. वाटेत काका दोन-तीनदा उतरले, चपला बोनेटवर, काडी हातात. मी मागून ओरडलो, "काका, लवकर करा ना!"

"तुले घाई हाय, मातीले नाई," ते वळूनही न पाहता म्हणाले.

डांबर लागलं. मला वाटलं आता जीप सुटेल. काकांनी सीटखालून पंप काढला आणि माझ्या हातात दिला. "मार. नरम टायर डांबरावर पळवत नसतात." मी रस्त्याच्या कडेला चिखलात उभा राहून पंप मारत होतो आणि काका माझ्या बायकोच्या डोक्यावर छत्री धरून तिला मेडशीच्या त्या लग्नाची गोष्ट सांगत होते. आणि ती हसली. त्या अवस्थेत, दोन कळांच्या मध्ये, ती हसली. मी बायकोला एवढं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. मी पंप मारत होतो.

मुलगी सुखरूप झाली. तेव्हापासून घरात तिचा वाढदिवस आला की माझी बायको आणि माझे वडील त्या जीपची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत मीही असतो. पंप मारणारा. मुलगी मोठी झाली, अकोल्याला शिकायला गेली. शेलूबाजारला बसमधून उतरली की ती बापाला नाही, काकांना फोन करायची. तिचा फोन मात्र राँग नंबर नसायचा.

दुकान बरं चाललं आणि मी चारही चाकांना जोर लागणारी नवी गाडी घेतली. नुसती घेतली नाही, अकोल्याला नेऊन सजवली. जाड नक्षीचे रुंद टायर, उंच स्प्रिंगा, पुढे लोखंडी गार्ड, गार्डावर तारेचा रूळ, म्हणजे विंच, छतावर दिव्यांची लांब पट्टी आणि बाजूने वर गेलेली हवेची नळी. लोकांना मी सांगायचो की आपल्याकडच्या कच्च्या रस्त्याला कंपनीची गाडी जशीच्या तशी चालत नाही, तिच्यात हे सगळं करून घ्यावंच लागतं. खरं कारण एवढंच होतं की मला त्या जीपपेक्षा मोठं काहीतरी हवं होतं.

आणलेली गाडी मी मुद्दाम हॉटेलासमोर लावली. माझे वडील बाकावर चहा घेत बसले होते. काका आले, चपला काढल्या आणि माझ्या नव्या कोऱ्या बोनेटवर ठेवल्या. मग अनवाणीच गाडीभोवती फिरले.

"ही नळी कायची हाय गा?"

"पाण्यातून जातानी इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून, काका."

"कितीक पाण्यातून?"

"कंबरभर असलं तरी चालते."

"कंबरभर पाण्यात तू कायले जाशीन? तुले पोहता येते काय?"

बाकावरचा एक जण म्हणाला, "मले तं वाटलं गाडीले सलाईन लावली." सगळे हसले.

"अन् हे?"

"विंच. फसलो तं तार सोडाची, झाडाले हूक अडकवाचा. गाडी आपली आपण निंघते."

काकांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "झाड कुठी हाय?"

"म्हणजे?"

"आपल्या पांदणीच्या दोन्ही अंगाले सोयाबीन हाय. सोयाबीनच्या झाडाले अडकवतं काय?"

सगळ्यांत मोठ्याने हसले ते माझे वडील. त्यांचा चहा सांडला.

काकांनी टायरात अंगठा दाबला. "टायर मस्त हायत, खोटं नाही बोलत. मुरमावर मजा येईन. पण काळ्या मातीत या खोबण्या भरल्या का त्याचा पाटाच होते. अन् हे पुढचं लोखंड उतरव बाप्पा, नाक जड झालं तिचं. तिले लग्नाले न्याची नाही, वावरात न्याची हाय. दागिने काढून ठेव."

त्यांनी चपला घातल्या आणि गेले. बोनेटवर दोन चपलांची धूळ तशीच राहिली. ती मी रुमालाने पुसली, आणि पुसता पुसता बोललो.

"काकाचं काय घेऊन बसले तुमी. त्याईले आता दिसत नाही. म्हणून तं उतरून पायानं चाचपत चालतात. पाह्यलं नाही काय?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या पाहण्याला कोणीतरी दुसरा अर्थ लावायचा तेवढा बाकी होता. "हौ ना," एक जण हळूच म्हणाला, "मले बी वाटेच." वास्तविक त्याच सकाळी, वळणावर एसटी दिसायला लागली न लागली तोच, पानठेल्यापाशी उभ्या काकांनी "कारंजा हाय, बसा" असं सांगितलं होतं. पाटी मला दिसायला बस जवळ यावी लागली. मी तिथेच उभा होतो.

वडील बाकावरच होते. ते काही बोलले नाहीत.

अफवा माझ्या हातातून सुटली. काकांकडे चहाला जाणारे कमी झाले. पोरासोरांना त्या जीपमध्ये बसू देईनात. मग अमरावतीहून काकांच्या मुलीचा मला फोन आला. "दादा, बाबांच्या डोळ्यांबद्दल कायकाय ऐकते आहे. ते डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. तपासायला गेलो तर लोक म्हणतील खरंच आहे, असं म्हणतात. तुम्ही रोज पाहता त्यांना. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन."

माझ्याकडे तेव्हा सगळं परत घेण्याची संधी होती. मी म्हणालो, "बाई, आता वय झालं त्यांचं. काळजी घेतलेली बरी." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आपण खोटं बोललो नाही असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. ते पहिल्यापेक्षा मोठं खोटं होतं.

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई आले. तिने बापाकडून जीप न चालवण्याचा शब्द घेतला आणि जावयाने जीपची बॅटरी काढून, पोत्यात गुंडाळून, आपल्या गाडीत घालून नेली. बाजारात बॅटऱ्या मिळत नाहीत असं थोडंच आहे. पण काकांनी पोरीला शब्द दिला होता.

आता गावाला माझी गाडी होती. लोक मला फोन करायचे आणि मी पहिल्या रिंगला उचलायचो. "गाडी पाठवता काय?" म्हणायचे. चहा नव्हता, ओसरी नव्हती, पंप नव्हता. दुखणेकरी नेले, बाळंतिणी नेल्या. संध्याकाळच्या वेळी रस्त्यावर आडवी येणारी रोही, म्हणजे नीलगाय, माझ्या दिव्यांच्या पट्टीत दुरून दिसायची, तेही सांगायला हवं. ते दिवे वाया गेले नाहीत. पण उतरणारा माणूस "गाडी भारी हाय" म्हणायचा आणि जायचा. माझ्या गाडीत बसून कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

जीप गावाबाहेर, पांदणीच्या तोंडाशी काकांच्या गोठ्यात उभी होती. काका रोज सकाळी तिथे जायचे, पंपाने चारही टायरांत हवा भरायचे, चपला बोनेटवर ठेवायचे आणि स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचत बसायचे. चष्म्याशिवाय. आणि शेजारच्या सीटवर माझे वडील. मी दुकान उघडायला निघालो की मला ते दोघे दिसायचे. शेजारी बैल कडबा खात आहेत आणि हलत नसलेल्या जीपमध्ये बसून दोन म्हातारे कशावर तरी खिदळत आहेत. मी वडिलांना विचारायचो, "कुठी गेलते?" ते म्हणायचे, "फिराले." मला त्या बंद जीपचाही हेवा वाटायचा. माझ्या गाडीत वडील कधी बसले तर पट्टा लावून, गप्प.

पावसाळा संपत आला होता, सोयाबीन पिवळं पडलं होतं. वडील म्हणाले, वावर पाहायचं आहे. मी त्यांना गाडीत घालून पांदणीने निघालो. आमच्या बांधापाशी ते म्हणाले, "उतरून पाह्य जरा. पाणी मुरलं दिसते."

"गरज नाही बाबा. या गाडीले काई होत नाही."

बांध ओलांडून गाडी पिकातल्या गाडीवाटेने बरीच आत गेली. मग टायरांच्या खोबण्या मातीने भरल्या आणि त्यांचा गुळगुळीत पाटा झाला. माती टायर आणि मडगार्डाच्या मधे ठासून बसली, पुढचं जड नाक खाली गेलं, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी उतरलो. तार सोडायच्या आधी चहूकडे पाहिलं. जिथवर नजर जाईल तिथवर सोयाबीन.

"अडकव सोयाबीनले," वडील आतून म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी माझ्या हातून फोन घेतला, काकांना लावला आणि एवढंच म्हणाले, "फसलो रे."

काका पायी आले. चपला हातात होत्या, त्या त्यांनी माझ्या बोनेटवर ठेवल्या. गाडीभोवती फिरले, काडी खुपसली, वाकून खाली पाहिलं. मी वाट पाहत होतो की आता हे काहीतरी युक्ती करतील आणि मला आणखी एकदा जळावं लागेल.

"ट्रॅक्टर बोलाव," काका म्हणाले. "हे नाही निंघत."

"तुमची जीप निंघाली असती काय?"

"कायची निंघते! माह्यी बी अशीच बसली असती. पण मी त्या बांधापाशी पाय टाकून पाह्यला असता अन् गाडी तिथीच सोडली असती. तुह्या बापाले पायी आणलं असतं. तुह्या गाडीनं तुले येवढं आतमधी आणून सोडलं, फरक तेवढाच."

आम्ही तिघे बांधावर बसून राहिलो. काही वेळाने काका म्हणाले, "निंघाला ट्रॅक्टर. मडगार्डवर दोघं हायत. एक विडी पेटवून राह्यला." मी पाहिलं. मला फक्त हलणारा ठिपका दिसला.

माझे वडील पायाचा चिखल काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुले तं दिसत नाही म्हणे."

"म्हणतात लोक," काका म्हणाले. ते सोयाबीनकडे पाहत होते. "कोनं उठवलं काय मालूम."

मी उठून ट्रॅक्टरला हात करत पुढे गेलो. ट्रॅक्टर आला, साखळी लागली, गाडी निघाली. मडगार्डवर दोघं होते, आणि एकाच्या तोंडात विडी अजून होती.

घरी येताना वडील पुढे बसले होते. म्हणाले, "मी त्या दिवशी बाकावरच होतो."

"माहीत हाय."

"मी बी काही बोललो नाही. तू माहा पोरगा हायेस, म्हणून. माह्या वाट्याचं मी त्याले कवाच सांगितलं. म्हणलं, मी ऐकलं अन् गप राह्यलो. तुहं नाव नाही घेतलं. त्यानं बी नाही इचारलं. बस म्हणला जीपमधी. आता तुहं तू पाह्य."

मी आधी अमरावतीला फोन केला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग काकांची मुलगी म्हणाली, "बॅटरी पाठवते. बाबांना मात्र मी नाही सांगणार. ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी काकांच्या ओसरीवर जाऊन बसलो. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि बोललो. हॉटेलातलं वाक्य, फोनवरचं उत्तर, पंप, छत्री, सगळंच. काका बशीतला चहा संपेपर्यंत ऐकत राहिले.

"हे तू इथी सांगून राह्यला," ते म्हणाले. "बोलला कुठी होतास?"

"हॉटेलात."

"मंग तिथी सांग."

"चला मंग, आताच."

"बॅटरी येऊ दे. माफी ऐकाले मी पायी नाही येत."

बॅटरी आली. जीप धुतली गेली. काका चालवायला, शेजारी वडील, मागे मी. गोठ्यापासून डांबरापर्यंत तुकडा केवढासा, तरी काकांनी हवा सोडली. डांबराला लागल्यावर ते थांबले, मी न सांगता पंप काढला आणि चारही चाकं भरली. वडील काकांच्या कानाशी काहीतरी म्हणाले आणि दोघे हसले. या वेळी मी विचारलं नाही काय ते.

हॉटेलासमोर जीप थांबली. काकांनी चपला काढून बोनेटवर ठेवल्या आणि अनवाणीच बाकावर जाऊन बसले. नेहमीची माणसं होती. ज्याला माझ्या गाडीला सलाईन लावल्यासारखं वाटलं होतं तोही होता. मी काकांसमोर उभा राहिलो, खाली मान घालून पुटपुटलो. काकांनी हात कानाशी नेला.

"डोळे शाबूत हायत माहे. कान जरा कमी झाले. जोरानं बोल."

मी मान वर केली आणि रस्त्यापलीकडे बसची वाट पाहणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काकाईले सगळं दिसते. मी त्याईच्यावर जळत होतो, म्हणून खोटं बोललो. काका, माहं चुकलं. मले माफ करा."